महिपतची चिठ्ठी

महिपत कळंबटेच्या दुकानात गिऱ्हाइकाशी आधी बाचाबाची व्हायची आणि मग जमलीच तर विक्री. कुणी हौसेनं कपाटातून एखादी रेकॉर्ड उपसून काउंटरवर ठेवली, की महिपत ती हळूच आपल्याकडे ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, "ही नाही मिळायची. अजून ऐकलेली नाही." गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, मी घरी नेऊन ऐकतो की." त्यावर ठरलेलं उत्तर, "तुम्ही ऐकाल हो. पण विकतोय मी." गणपतीला गावी आलेले, दोन तासांत सगळा बाजार उरकायचा असलेले चाकरमानी अशा वेळी कपाळाला हात लावून पुढच्या दुकानात जात. त्यांचंही काही चुकत नव्हतं म्हणा. हातात पैसे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला परत पाठवणारा दुकानदार अख्ख्या रत्नागिरीत दुसरा नव्हता.

गोखले नाक्यावरून आत वळलं की एका गल्लीत हा गाळा. बारा बाय नऊचा. एका अंगाला छत्र्या दुरुस्त करणारा, दुसऱ्या अंगाला झेरॉक्सवाला. एकवीस वर्षांपूर्वी महिपतनं तो भाड्यानं घेतला तेव्हा रेकॉर्डींचा जमाना संपून गेला होता, कॅसेटी शेवटच्या घटका मोजत होत्या आणि सीडी विकणारेसुद्धा धास्तावलेले दिसायचे. लोक बापजाद्यांच्या रेकॉर्डी किलोवर भंगारात घालत होते आणि हा पठ्ठ्या भंगारवाल्याच्या मागे सायकल दामटत त्या विकत घेत होता. ऐकावं जनाचं, करावं मनाचं असं म्हणतात. महिपतनं जनाचं ऐकायचेही कष्ट घेतले नाहीत.

त्याच्या आधी तो मिरकरवाड्याला, बंदरालगतच्या एका वर्कशॉपात, मच्छीमार ट्रॉलरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. त्यात त्याचं नाव होतं. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं कुठलं बेअरिंग रडतंय ते सांगायचं. खोलून बघितलं तर नेमकं तेच निघायचं. म्हातारा मालक खूश होता. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून त्यानं महिपतला निम्मी भागीदारी देऊ केली. तेव्हा महिपत एकोणचाळीस वर्षांचा होता. शहाण्या माणसानं मालकाचे पाय धरले असते. पण त्याच सुमारास पावसच्या एका बागायतदारानं त्याला घरच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरची मोटर दुरुस्त करायला बोलावलं आणि मजुरी म्हणून अकरा रेकॉर्डी त्याच्या पिशवीत घातल्या. त्या घरी आणून, धुऊन, एकेक करून ऐकताना महिपतला असं काही झालं की वर्कशॉपातला आवाज त्याला सोसेना. दिवसभर इंजिनांत रडणारी बेअरिंगं ऐकायची आणि संध्याकाळी गाणं, हे दोन्ही एका कानात मावेना असं तो सांगायचा. सहा महिन्यांत त्यानं नोकरी सोडली.

त्याची बायको गोदा ब्लाउज शिवायची आणि फॉल-पिको करायची. अजूनही करते. घर तिच्या मशीनवर चाललं, मुलीचं लग्न तिच्या मशीनवर झालं, आणि हे तिनं महिपतला विसरू दिलं नाही. "लोकांच्या माळ्यावरला भंगार उतरला नि आमच्या माळ्यावर चडला," ती म्हणायची. "उद्या देव पण भंगारवाल्याकडनंच आणा." महिपत हसून सोडून द्यायचा. एकवीस वर्षांत तिनं एकही रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली नव्हती आणि त्यानं तिला बसवून ऐकवलीही नव्हती. संसारात असे काही करार न बोलता होतात.

दुकान चाललं ते मात्र एका चिठ्ठीवर. कोकणातली हवा रेकॉर्डीची वैरीण. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते, ती खाचांत बसते आणि सुई फिरताना भाताच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज येतो. महिपत त्यांना लाह्याच म्हणायचा. आलेली प्रत्येक रेकॉर्ड तो रिठ्याच्या पाण्यानं धुवायचा, गोदाकडून लाटलेल्या ताटाळ्यात उभी करून वाळवायचा, आणि मग दोन्ही बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. ऐकताना पेन्सिलीनं चिठ्ठी लिहायचा. "बाजू पहिली, दुसरं गाणं, सुरुवातीला तीन लाह्या. बाजू दुसरी, शेवटी खरखर, गाणं खराब होत नाही." खाली सही म्हणून एक 'म'. चिठ्ठी कव्हरात जायची. जिथं 'स्वच्छ' लिहिलंय तिथं स्वच्छच असायचं. आवडत्या गाण्याची रेकॉर्ड असली तरी तो एक लाही लपवायचा नाही, उलट गिऱ्हाइकाला बसवून ती लाही ऐकवायचा.

हळूहळू त्या चिठ्ठीला किंमत आली. पुण्याचे, कोल्हापूरचे, सांगलीचे शौकीन रेकॉर्ड न बघता, फोनवर चिठ्ठी वाचून घेऊन पैसे पाठवू लागले. "महिपतची चिठ्ठी आहे ना? मग पाठवा." असं दोन-तीन वेळा कानावर आलं तेव्हा महिपतला आभाळ ठेंगणं झालं. पैसा काही फार नव्हता. गाळ्याचं भाडं सुटायचं, रिठे आणि सुया यायच्या, वर थोडं उरायचं. पण ज्या माणसाला सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं त्याचा शब्द आता घाट चढून जात होता.

पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक म्हणजे कर्ल्याचे सुलेमान होडेकर. बोटीवर चीफ इंजिनियर होते, निवृत्त होऊन घरी आले आणि कव्वाल्यांच्या नादाला लागले. महिपत त्यांना सुलेमानभाई म्हणायचा. आले की आधी चहा, मग बंदरावर आज काय भावानं काय गेलं ते, आणि मग, "चिठ्ठ्या बघू नव्या. रेकॉर्डी नंतर."

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून महिपतचे दिवस पालटले. त्यानं मुंबईहून नवी सुई मागवली होती, जरा भारीतली. ती बसवल्यापासून रेकॉर्डी कशा मऊ, निवांत वाजू लागल्या. लाह्या कमी झाल्या. मग आणखी कमी झाल्या. आधी ज्या ढिगात दहात दोन रेकॉर्डी स्वच्छ निघायच्या तिथं आता आठ निघू लागल्या. महिपतनं रिठ्याचं प्रमाणही थोडं वाढवलं होतं, त्यामुळे निम्मं श्रेय त्यानं सुईला दिलं आणि निम्मं रिठ्याला. संध्याकाळी नाचणे गावातल्या आपल्या घरी परतताना तो गुणगुणायचा. गोदा दारात उभी राहून बघायची. एवढ्या वर्षांत हा माणूस दुकानातून असा आलेला तिनं पाहिला नव्हता.

त्याच वर्षीच्या दिवाळीत राजापूरहून फोन आला. बाजारपेठेतल्या एका जुन्या व्यापाऱ्याचं बंद घर पाडायचं होतं आणि मुंबईत राहणारा नातू, दर्शन त्याचं नाव, आजोबांच्या रेकॉर्डी काढून टाकत होता. महिपत एसटीनं गेला, सोबत पेटीतला छोटा प्लेअर घेऊन. सागवानी कपाटात तीनशेच्या वर रेकॉर्डी होत्या. नाट्यगीतं, भावगीतं, कव्वाल्या, कीर्तनं, जे मागाल ते. कव्हरं सुजलेली होती. मधल्या गोल कागदांवर खालच्या बाजूला तपकिरी रेघ होती. महिपतनं ती बघितली, नाही असं नाही. त्यानं विचारलंही, "पाणी लागलंय काय?"

"नाही हो, माडीवर होत्या," दर्शन म्हणाला. बिचारा खोटंही बोलत नसेल. त्याला जन्मापासून राजापूर माहीत होतं ते मे महिन्यातलं.

आता, अर्जुना नदी पावसाळ्यात बाजारपेठेत येऊन जाते हे राजापूर तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. महिपतलाही होतं. पण महिपतची आयुष्यभराची शिकवण अशी की डोळ्यावर विश्वास ठेवू नये, कानावर ठेवावा. त्यानं तिथंच बसून पंधरा रेकॉर्डी लावल्या. पंधराच्या पंधरा स्वच्छ. एक लाही नाही. त्याच्या अंगावर काटा आला. पाणी कव्हरांना लागलं असेल, रेकॉर्डी वाचल्यात असं त्याच्या कानांनी त्याला सांगितलं, आणि कानांनी आजवर त्याला कधी फसवलं नव्हतं.

दर्शन काही भोळा नव्हता, त्यानं किंमत चढी लावली. महिपतनं घराच्या स्लॅबसाठी ठेवलेली ठेव मोडायचं ठरवलं. ती दोघांच्या नावावर होती. गोदा आता भांडेल, चार दिवस जेवायला वाढणार नाही, अशी तयारी करून त्यानं विषय काढला. गोदानं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "कधी जायचं बँकेत?" दुसऱ्या दिवशी तिनं सहीही केली. महिपतला वाटलं, चला, एकवीस वर्षांनी का होईना, हिला माझं काम पटलं. त्या दिवशी बँकेतून निघताना त्याच्याएवढा सुखी माणूस रत्नागिरीत नसेल.

वर्षभर तो राजापूरचा माल धूत होता आणि ऐकत होता. चिठ्ठीमागून चिठ्ठी 'स्वच्छ'. पन्नास-साठ रेकॉर्डी टपालानं गेल्या. मध्येच गाळ्याच्या मालकानं निरोप धाडला की मार्चपासून नवा करार, भाडं दुप्पट, जमत नसेल तर गाळा मोकळा करा. महिपतला घाम फुटला, पण फार नाही, कारण पुण्याचा सर्वेश नावाचा एक तरुण, ज्याला लोकांनी बसून रेकॉर्डी ऐकाव्यात असं कॉफीचं दुकान काढायचं होतं, तो राजापूरचा उरलेला सगळा माल उचलायला तयार होता. त्यानं एकही रेकॉर्ड ऐकायला मागितली नाही. म्हणाला, "तुमच्या चिठ्ठ्या आहेत ना, काका. मी रविवारी टेम्पो घेऊन येतो." तो व्यवहार झाला की ठेव परत बँकेत जाणार होती आणि गाळाही राहणार होता.

त्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी दुपारी सुलेमानभाई आले. हातात पिशवी होती. बसले, चहा घेतला, बांगडा किती महागलाय ते सांगितलं. पण नव्या चिठ्ठ्या मागितल्या नाहीत. पिशवीतून एक कव्वालीची रेकॉर्ड काढून त्यांनी काउंटरवर ठेवली. राजापूरच्या मालातली, दीड महिन्यापूर्वी नेलेली.

"चिठ्ठी काय म्हणते हिची?"

"दोन्ही बाजू स्वच्छ," महिपत न बघता म्हणाला.

"जरा लाव."

महिपतनं लावली. कव्वालाचा भरदार आवाज गाळ्यात पसरला, मागून पेटी, तबला. टाळ्या जरा दबल्यासारख्या वाटत होत्या, पण ते ध्वनिमुद्रणच तसं असणार.

"काय ऐकू येतंय?" सुलेमानभाईंनी विचारलं.

"गाणं."

"आणि?"

"आणि काय? पेटी. तबला. काय झालं, सुलेमानभाई?"

सुलेमानभाई हसले नाहीत. हसले असते तर महिपत चिडला असता आणि ते बरं झालं असतं. ते उठले, त्याच्या पाठीमागे कपाटापाशी गेले, थोडा वेळ तिथंच उभे राहिले. बाजू संपली, सुई उचलली गेली, तरी ते मागेच होते. मग समोर येऊन बसले. त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता.

"हा मी तुझ्या कानामागे वाजवत होतो. गाणं चालू असताना, आणि गाणं संपल्यावर पण."

महिपत त्या जुडग्याकडे बघत राहिला.

"बत्तीस वर्षं मी इंजिनरूममध्ये काढली. आमचे कान दरसाल तपासायचे. माझ्या बरोबरीचे कितीतरी जण असे गेले, महिपत. त्यांना वाटायचं, आपल्याला काही झालेलं नाही, लोकच हळू बोलायला लागलेत." सुलेमानभाईंनी रेकॉर्ड परत कव्हरात घातली. "हिच्यात नुसती लाह्यांची भट्टी लागलीय. घरात बायको मला विचारते, काय तळताय? बाकीची गिऱ्हाइकं तुझी चिठ्ठी बघून आपल्याच सुईला दोष देत असतील. अरे, राजापूरच्या पेठेतला माल नि त्याला पाणी लागलं नाही? तू इथलाच ना?"

महिपतनं प्लेअरचं बटण बंद केलं.

"मी कुणाकडे बोलणार नाही," सुलेमानभाई उठता उठता म्हणाले. "ही मी ठेवून घेतो. पैसे नकोत परत."

ते गेल्यावर महिपतनं शटर अर्धं खाली ओढलं. वरच्या फळीवर एक भावगीतांची रेकॉर्ड होती, विकायची नव्हे अशी. तिची चिठ्ठी पंधरा वर्षांपूर्वीची. "बाजू पहिली, सात लाह्या, पाचवी मोठी." ती त्यानं इतक्या वेळा ऐकली होती की कुठल्या शब्दावर कुठली लाही फुटते ते त्याला पाठ होतं. पाचवी तर एवढी मोठी की पहिल्यांदा ऐकताना त्याचा हात दचकून सुईकडे गेला होता. त्यानं ती लावली. पहिली लाही यायची जागा आली आणि गेली. दुसरी गेली. पाचवीची जागा जवळ आली तसा तो वाकला, कान सुईपासून चार बोटांवर नेला. सुई किंचित उडाली, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं. आवाज आला नाही. गाणं मऊ, निवांत पुढे चालू राहिलं.

नवी सुई, रिठ्याचं प्रमाण, पालटलेले दिवस, सगळ्याचा उलगडा एका क्षणात झाला. रेकॉर्डी स्वच्छ झाल्या नव्हत्या. याचे कान घाण झाले होते. भरवशाच्या म्हशीला टोणगा. महिपतला रडू आलं नाही, लाज वाटली. भर रस्त्यात धोतर सुटावं आणि ते पावणेदोन वर्षं कुणी सांगू नये, तशी लाज.

दुसऱ्या दिवशी तो गोदाला न सांगता कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. महिपत बराच वेळ बटण धरून बसला होता, दाबण्यासारखं काही येईना. नंतर डॉक्टरनं कागद दाखवला, त्यावरची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ येऊन एकदम दरीत गेली होती. जाड आवाज शाबूत आहेत, बारीक आवाज गेले. वय, आणि तरुणपणी इंजिनांचा गोंगाट. कानाचं मशीन लावलं तर माणसांचं बोलणं नीट कळेल, फोनवरचंही. महिपतनं एकच विचारलं, "लाह्या ऐकू येतील?" डॉक्टरला लाह्या म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. तो म्हणाला, पूर्वीसारखं नाही. खात्री देता येणार नाही.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार महिपतनं दुकान उघडलं आणि काही केलं नाही. आतल्या आत मात्र फार काही चाललं होतं. कोण सांगणार आहे सर्वेशला? सुलेमानभाई तोंड उघडणार नाहीत. कॉफी पिताना बडबडणाऱ्या माणसांना लाह्या कुठं कळतात? सर्वेश तर एकदा म्हणालाही होता की थोडी खरखर असली तर लोकांना उलट जुनं जुनं वाटतं, आवडतं. रविवारी टेम्पो भरून गेला की गाळा वाचेल, स्लॅब पडेल, मग हळूहळू दुकान आवरत आणू. या हिशेबात चूक काढायला जागा नव्हती. फक्त प्रत्येक कव्हरात एक चिठ्ठी होती, आणि तिच्याखाली 'म' होता. त्या अक्षराकडे बघवेना म्हणून त्यानं कपाटं बंद करून ठेवली.

आपण खोटं बोललो नाही, चुकलो, असं तो स्वतःला सांगत होता. मंगळवारपर्यंत ते खरंही होतं. बुधवारपासून ते खरं राहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी तो दुकानात गेलाच नाही. पुढच्या खोलीत गोदा मशीनवर बसली होती. लग्नसराई, तिच्यापुढे ब्लाउजांचा ढीग. महिपत तिच्या समोरच्या खुर्चीत बसला आणि त्यानं सर्वेशला फोन लावला. आडपडदा ठेवला नाही.

"सर्वेश, टेम्पो आणू नकोस. माझे कान गेलेत. बारीक आवाज ऐकूच येत नाही मला. राजापूरच्या मालाच्या सगळ्या चिठ्ठ्या खोट्या आहेत. पुराचं पाणी लागलेला माल आहे तो. मला ते मंगळवारी कळलं. आज सांगतोय, तेवढा उशीर माझा."

गोदाचं मशीन थांबलं.

पलीकडून सर्वेश बोलू लागला. तो भराभर बोलत होता आणि महिपतला त्यातलं अर्धंही लागेना. शब्दांचे काठ गळून पडल्यासारखे नुसते हुंकार येत होते. "काय? परत सांग," महिपत म्हणाला. पुन्हा तेच. त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "जरा हळू, बाबा." तिसऱ्यांदाही कळलं नाही तेव्हा गोदानं हात पुढे केला आणि त्यानं तिच्याकडे फोन दिला.

ती ऐकत राहिली. महिपत तिच्या तोंडाकडे बघत होता.

"काय म्हणतोय?"

गोदानं फोनवर हात धरला. "काय नाय. बघतो म्हणतोय."

"खरं सांग."

"माल नको म्हणतोय. नि इचारतोय, पयल्या दिलेल्या चिठ्ठ्या तरी खऱ्या कशावरनं? ती पुण्यातली माणसं त्यावर हजारो रुपये देऊन बसलीत. कधीपास्नं ऐकू येत नाय ता तुमच्या नवऱ्याला तरी ठावं हाय काय?"

तीन दिवस महिपत गाळ्याचा आणि ठेवीचा विचार करत होता, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. कधीपासून? त्याला खरोखरच माहीत नव्हतं. दोन वर्षं? पाच? नवी सुई आली तेव्हा बारीक आवाज आधीच गेलेला होता की नंतर गेला? जो आवाज ऐकूच येत नाही तो कधी थांबला हे माणसानं कसं सांगावं? एकवीस वर्षांत लिहिलेल्या सगळ्या चिठ्ठ्या त्याच्या डोळ्यांपुढे आल्या आणि त्यातल्या एकीचीही शपथ त्याला घेता येईना. गाळा गेला असता तर माणूस उभा राहिला असता. याच्यानंतर कशावर उभं राहायचं ते त्याला कळेना. त्यानं गोदाकडे बघून नुसती मान हलवली.

गोदानं फोनवरचा हात काढला. परक्याशी बोलायची म्हणून ती जरा सावरून बसली.

"ऐका," ती म्हणाली. "लिवून घ्या पायजे तर. गेल्या वर्षीच्या शिमग्यात गावी आमच्या अंगणात पालखी आली. झांजवाला ह्यांच्या पाठीला लागून झांज वाजवीत होता, नि हे मला इचारतात, यंदा झांज का नाय आणलान? तेव्हा मला समजला. पण त्याच्या आदल्या दिवाळीत माझ्या हातातली सुई पडली. शिवायची सुई. हे पाठमोरे बसलेले, न बघता म्हणाले, मशीनच्या खाली गेली बघ. तिथंच होती. तर त्या दिवाळीपर्यंतच्या चिठ्ठ्या डोळे झाकून खऱ्या. दिवाळी ते शिमगा, त्या संशयात धरा. शिमग्याच्या पुढच्या धरू नका. ज्यांना गेल्या असतील त्यांना आमी स्वतः फोन करणार, रेकॉर्डी परत घेणार. हां. ठेवते."

तिनं फोन मशीनवर ठेवला. बाहेर कुणाची तरी रिक्षा मागे-पुढे होत होती.

"तुला ठावं होतं," महिपत म्हणाला.

"व्हय."

"बँकेत सही केलीस तेव्हा पण?"

"व्हय."

"माझ्यासमोर पंधरा रेकॉर्डींची कौतुकं ऐकलीस. नि गप्प बसलीस."

गोदानं ब्लाउजाची बाही सरळ केली, मग परत चुरगाळली. "सांगणार होतंय. रिक्षात सांगणार होतंय. मग म्हटलं, बँकेच्या पायरीवर सांगूया. आत गेलो तर तुमी त्या काउंटरवरल्या बाईला सांगत होतात, जन्मात असल्या स्वच्छ रेकॉर्डी ऐकल्या नाहीत म्हणून. ती बाई पण हसत होती. एवढी वर्षं तुमी दुकानातनं तोंड पाडून येत होतात. ह्याच्यात एवढ्या लाह्या, त्याच्यात तेवढ्या. एक रेकॉर्ड तुमाला धड लागली नाय कधी. ता येक वर्ष तुमी सुखात होतात. माझ्या हातातला पेन थांबलेला. मला वाटलं, स्लॅबचं काय, आणखी चार पावसाळे बादल्या ठेवू. नि केली सही."

महिपतला तिच्यावर रागवायचं होतं. तसा हक्कही होता त्याचा. तो उठला, पण उठून कुठं जायचं ते सुचेना, म्हणून तिच्या मशीनपाशी खाली फरशीवरच बसला. मुंबईहून मुलीचा फोन येऊ लागला, तो दोघांनीही उचलला नाही.

"मला भीती वाटते गं," तो म्हणाला.

"मला पण," गोदा म्हणाली.